श्वसनयंत्र, न्यायालय आणि मरणाचा कायदा

दयामरणाची चर्चा आपल्याकडे अधूनमधून उसळते. एखादा खटला न्यायालयापुढे आला, की वृत्तपत्रांत आठ-पंधरा दिवस वाचकांची पत्रे येतात, वक्तृत्व स्पर्धांना विषय मिळतो आणि मग सारे शांत होते. या चर्चांमध्ये एक गोष्ट हटकून घडते. निरनिराळ्या कृतींना एकाच शब्दाने संबोधले जाते आणि मग बाजूने बोलणारा एका कृतीविषयी, तर विरोधात बोलणारा दुसऱ्याच कृतीविषयी बोलत राहतो. विज्ञानाच्या शिक्षकाला हे चालण्यासारखे नाही. वस्तुमान आणि वजन यांत गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण थांबवतो, तसेच इथेही थांबायला हवे.

म्हणून आधी चार कृती वेगळ्या करू. पहिली, असाध्य रोगाने पीडित माणसाला त्याच्या विनंतीवरून डॉक्टरने प्राणघातक इंजेक्शन देणे. याला सक्रिय दयामरण म्हणतात. दुसरी, डॉक्टरने औषध लिहून द्यावे आणि रुग्णाने ते स्वतःच्या हाताने घ्यावे. हे वैद्यकीय साहाय्याने पत्करलेले मरण. तिसरी, ज्या उपचाराने रोग बरा होणार नाही, केवळ मरण लांबेल, तो उपचार सुरू न करणे किंवा चालू असल्यास थांबवणे. याला निष्क्रिय दयामरण असे नाव पडले आहे, पण ते फारसे समर्पक नाही. चौथी, आत्महत्येचा प्रयत्न.

भारतीय कायद्याने पहिल्या दोन कृती गुन्हा मानल्या आहेत. तिसरीला २०११ पासून निश्चित अटींवर मान्यता आहे. चौथीकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलली. हे चार कप्पे एका दिवसात तयार झाले नाहीत. ते पाडायला चार दशके लागली आणि त्यातील महत्त्वाचे टप्पे मुंबईत घडले. तो इतिहास येथे सांगायचा आहे.

यंत्र आले आणि प्रश्न आला

मरण ही काही नवी गोष्ट नाही. मग हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच का उभा राहिला? याचे उत्तर एका यंत्रात आहे.

१९५२ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. अनेक रुग्णांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडले. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एक उपाय सुचवला. गळ्याशी श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी फुगा हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरायची. पुरेशी यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस हे फुगे दाबले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली आणि आज आपण ज्याला अतिदक्षता विभाग म्हणतो, त्याचा पाया घातला गेला.

या शोधाने असंख्य प्राण वाचवले, हे प्रथम नमूद करू. पण त्याने एक जुनी खूणही पुसली. पूर्वी श्वास थांबला की थोड्याच वेळात हृदय थांबे आणि माणूस गेला असे सर्वजण मानत. आता मेंदू संपूर्ण निकामी झाला तरी यंत्राच्या जोरावर छाती वरखाली होत राहते आणि नाडी लागते. अशा रुग्णाचे यंत्र काढायचे की नाही? काढले तर तो खून ठरतो का? १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांनी हा प्रश्न थेट पोप बारावे पायस यांना विचारला होता. असाधारण साधने वापरून आयुष्य लांबवत राहण्याचे बंधन नाही, असे त्यांनी सांगितले. १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली.

येथे शरीरशास्त्राचा थोडा भाग समजून घेतल्याशिवाय पुढचे खटले कळणार नाहीत. मेंदूचा वरचा, सुरकुतलेला भाग विचार, स्मृती, भाषा आणि जाणीव यांच्याशी निगडित आहे. खालचा देठासारखा भाग, म्हणजे मेंदूस्तंभ, श्वास, गिळणे, झोप-जाग अशी कामे सांभाळतो. प्राणवायूचा पुरवठा काही मिनिटे तुटला तर वरचा भाग आधी दगावतो. देठ अधिक चिवट असतो. यातून तीन अवस्था संभवतात. मेंदूस्तंभ कायमचा बंद पडला तर तो मृत्यूच होय. डोळे मिटलेले, जागच येत नाही, ही कोमाची अवस्था. ती सहसा काही दिवस वा आठवडे टिकते आणि मग इकडे किंवा तिकडे वळते. तिसरी अवस्था सर्वांत चकवणारी आहे. रुग्णाचे डोळे उघडतात, झोपेचे आणि जागेपणाचे चक्र चालते, तो स्वतः श्वास घेतो, कधी आवाजही काढतो, परंतु स्वतःची वा भोवतालची जाणीव असल्याचा पुरावा मिळत नाही. १९७२ मध्ये जेनेट आणि प्लम या दोन वैद्यकांनी या अवस्थेला जे नाव दिले, त्याचा मराठी अर्थ ‘चिरस्थायी वनस्पतिवत् अवस्था’ असा होतो. वनस्पतीशी केलेली ही तुलना अनेकांना खटकते आणि ते समजण्यासारखे आहे.

या अवस्थेचा पहिला गाजलेला खटला अमेरिकेतला. कॅरन क्विन्लन या तरुणीचे श्वसनयंत्र काढण्याची परवानगी न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिली. यंत्र काढल्यावर ती लगेच मरण पावेल असे सर्वांना वाटले होते. ती स्वतः श्वास घेऊ लागली आणि १९८५ पर्यंत जगली. तिचा मेंदूस्तंभ शाबूत होता. उपचार थांबवणे आणि जीव घेणे या दोन कृती एक नाहीत, हे या घटनेने दाखवून दिले. उपचार थांबवल्यावर पुढे काय होईल, ते रोग ठरवतो.

मुंबईतील पहिली पावले

संविधान सभेचे सदस्य राहिलेले आणि स्वतंत्र पक्षाचे नेते मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था स्थापन केली. अशा विषयावर संस्था काढणे त्या काळी धाडसाचे होते. आपल्यावर कोणते उपचार होऊ नयेत हे माणसाने शुद्धीत असतानाच लिहून ठेवावे, ही कल्पना या संस्थेने आपल्याकडे मांडली. १९८५ मध्ये प्रा. वर्दे यांनी महाराष्ट्र विधान परिषदेत एक खासगी विधेयक आणले. असाध्य रुग्णाच्या इच्छेनुसार जीव लांबवणारे उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरला कायद्याचे संरक्षण मिळावे, असा त्याचा आशय होता. विधेयक संमत झाले नाही. पण त्यानंतर ३३ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने जे मान्य केले, त्याचा गाभा या विधेयकात होता, हे महाराष्ट्राने लक्षात ठेवायला हरकत नाही.

याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे एक वेगळेच प्रकरण आले. मुंबई पोलिसांतील एका शिपायाला रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार बसला होता. पुढे त्याला मानसिक आजार जडला. १९८५ मध्ये त्याने महापालिकेच्या इमारतीत अंगावर रॉकेल ओतून घेण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर भारतीय दंडविधानाचे कलम ३०९ लावण्यात आले. १८६० च्या या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असे. ज्यांच्याकडून हा कायदा आपल्याकडे आला, त्या इंग्लंडने १९६१ मध्ये आपल्याकडचा तसा गुन्हा रद्द करून टाकला होता. आपल्या विधी आयोगानेही १९७१ मध्ये कलम ३०९ काढून टाकण्याची शिफारस केली होती. पण कलम जागेवरच होते.

न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले. जगण्याला जो आजाराने वा दुःखाने कंटाळला, त्याला तुरुंगात टाकून काय साधणार, त्याला वैद्याची गरज आहे, असा या निकालाचा रोख होता. मात्र त्याच निकालाने एक रेघही ओढली. आत्महत्या ही माणसाची स्वतःची कृती आहे. दयेपोटी का होईना, दुसऱ्याने जीव घेणे हा मनुष्यवधच होय. म्हणजे आपण सुरुवातीला पाडलेल्या कप्प्यांपैकी पहिला आणि चौथा इथे वेगळे झाले. तिसऱ्याचा प्रश्न शिल्लक राहिला.

अन्नत्यागाची परंपरा

कायद्याच्या या चर्चेला आपल्याकडे एक देशी पार्श्वभूमीही आहे. १९६६ मध्ये वि. दा. सावरकरांनी अन्न आणि औषध सोडून देह ठेवला. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनार येथे विनोबांनी आजारपणात अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि ऐन दिवाळीत त्यांचे निधन झाले. तेव्हा कलम ३०९ अस्तित्वात होते. पण विनोबांना कोणी गुन्हेगार म्हटले नाही, आणि म्हणणाऱ्याला समाजाने वेड्यात काढले असते. जैन समाजातील सल्लेखनेचे व्रतही असेच जुने. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते आत्महत्येच्या सदरात घातले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

या उदाहरणांवरून दयामरणाला आपल्या परंपरेची संमती आहे असे कोणी म्हणतात. आम्हाला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. या सर्वांत निर्णय करणारा माणूस शुद्धीवर होता, आपले म्हणणे सांगू शकत होता आणि त्याच्या जीवावर कोणी हात टाकला नव्हता. ज्याला बोलताच येत नाही, त्याच्या वतीने कोणी बोलायचे, हा खरा अवघड प्रश्न आहे. परंपरेत त्याचे तयार उत्तर नाही.

सर्वोच्च न्यायालयाची दोन उत्तरे

१९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने पी. रथिनम खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाप्रमाणेच कलम ३०९ रद्द ठरवले. दोनच वर्षांनी, मार्च १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा निकाल फिरवला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क सामावलेला नाही, असे घटनापीठाने म्हटले. परंतु त्याच निकालात एक मोलाचे विधान होते. ज्याच्या मरणाची नैसर्गिक प्रक्रिया सुरूच झाली आहे, त्याला ती सन्मानाने पूर्ण करू देणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानता येईल. पुढचा सारा कायदा या एका विधानाच्या आधाराने उभा राहिला.

केईएम रुग्णालयातील बेचाळीस वर्षे

अरुणा शानबाग या मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या. मुंबईच्या परळ भागातील केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर पाशवी अत्याचार केला आणि कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. जीव वाचला, पण अरुणा पुन्हा पूर्वीच्या झाल्या नाहीत. त्या स्वतः श्वास घेत होत्या, श्वसनयंत्र नव्हते. बेचाळीस वर्षे परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी त्यांना भरवले, स्वच्छ ठेवले आणि सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे ज्यांनी घरात असा रुग्ण सांभाळला आहे त्यांना सांगायला नको.

२००९ मध्ये पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. अरुणांना भरवणे थांबवावे आणि शांतपणे जाऊ द्यावे, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने मुंबईतील तीन डॉक्टरांना तपासणीसाठी नेमले. टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. रूप गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे डॉ. निलेश शहा हे ते तिघे. अरुणांना मेंदूमृत्यू आलेला नाही, त्या कोमातही नाहीत, वनस्पतिवत् अवस्थेचे बहुतेक निकष मात्र त्यांना लागू पडतात, असा त्यांचा अहवाल होता.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अरुणांचे निकटचे म्हणून बोलण्याचा अधिकार कोणाला, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. ज्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी त्यांना इतकी वर्षे सांभाळले, त्यांचा तो अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. अर्ज फेटाळला गेला. त्याच वेळी न्यायालयाने सर्वसाधारण नियम म्हणून निष्क्रिय दयामरणाला प्रथमच परवानगी दिली. मात्र प्रत्येक प्रकरणी उच्च न्यायालयाची पूर्वसंमती आवश्यक ठरवली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणांचे निधन झाले.

या प्रकरणात कोण बरोबर होते? अर्ज करणाऱ्यांना दिसत होते ते एका स्त्रीचे संपलेले आयुष्य. परिचारिकांना दिसत होता रोज समोर असणारा, भरवला की घास गिळणारा देह. दोघांच्याही मनात करुणाच होती. म्हणूनच असा निर्णय कोणा एकाच्या करुणेवर सोडून चालत नाही. कार्यपद्धती लागते. कायद्याचे काम इथे सुरू होते.

२०१८ चा निकाल आणि २०२३ ची सुधारणा

२०११ ची कार्यपद्धती कागदावर ठीक होती, पण व्यवहारात अवघड. अतिदक्षता विभागात दिवसाचे बिल वाढत असताना कोणते कुटुंब उच्च न्यायालयात जाणार? ‘कॉमन कॉज’ या संस्थेची याचिका २००५ पासून प्रलंबित होती. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिचा निकाल दिला. सन्मानाने मरणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि सज्ञान, शुद्धीवर असलेला माणूस भावी उपचारांविषयी आपली इच्छा आधीच लिहून ठेवू शकतो, असे न्यायालयाने सांगितले. मसानींच्या संस्थेने ३७ वर्षांपूर्वी मांडलेली कल्पना अशा रीतीने कायद्यात आली.

पण अटी इतक्या जड होत्या, की प्रत्यक्ष वापर जवळजवळ अशक्य झाला. इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी होती. निर्णय करणाऱ्या डॉक्टरांना २० वर्षांचा अनुभव असणे आवश्यक होते. दुसरे वैद्यकीय मंडळ नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याकडे जावे लागे. अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने या अडचणी न्यायालयापुढे मांडल्या. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने अटी सुटसुटीत केल्या. त्या अशा.

इच्छापत्र लेखी असावे. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावे. आपण निर्णय करण्याच्या स्थितीत नसू, तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्या नातेवाइकांची नावे त्यात द्यावीत. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवली जाईल. वेळ आली की रुग्णालय एक प्राथमिक मंडळ नेमेल. त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतील. त्यांचे मत पडले, की दुसरे तिघांचे मंडळ ते तपासेल. त्यातील एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला असेल. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे. कृती करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावे, त्याची परवानगी मात्र लागत नाही. इच्छापत्र नसले तरी कुटुंबीयांच्या संमतीने हीच पद्धत वापरता येते. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयाचे दार उघडे असते.

इच्छापत्रे सांभाळणारा अधिकारी कोण, हे मात्र २०२३ नंतरही कुठे ठरलेले नव्हते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर २०२४ मध्ये महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले जाऊ लागले. गोव्यात त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. कर्नाटक सरकारने २०२५ च्या जानेवारीत या निकालाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला.

चौथ्या कप्प्याचेही सांगून टाकू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये आणि शासनाने त्याची काळजी घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात जुने कलम ३०९ नाही. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. १९८६ मध्ये न्यायमूर्ती सावंतांनी जे म्हटले होते, तेथे संसद ३८ वर्षांनी पोहोचली.

परदेशांनी पुढचे पाऊल टाकले

पहिल्या दोन कप्प्यांबाबत काही देश आपल्यापेक्षा वेगळ्या वाटेने गेले. स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेने स्वार्थी हेतूने आत्महत्येला मदत करणे एवढेच दंडनीय ठरवले. ही संहिता १९४२ मध्ये लागू झाली. स्वार्थ नसेल तर शिक्षा नाही, या एका शब्दयोजनेतून तिथे पुढे साहाय्यक संस्था निघाल्या. नेदरलँड्समध्ये १९७१ साली एका स्त्री डॉक्टरने आपल्या आजारी आईला तिच्या विनंतीवरून मॉर्फिन देऊन मरण दिले. न्यायालयाने दोषी ठरवले, पण शिक्षा केवळ आठवड्याची आणि तीही स्थगित. तेव्हापासून खटल्यांमधून नियम घडत गेले आणि २००२ मध्ये तेथे कायदा अमलात आला. बेल्जियमने त्याच वर्षी अनुकरण केले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ पासून डॉक्टरने लिहून दिलेले औषध रुग्णाने स्वतः घेण्याची मुभा आहे. त्यासाठी सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित असावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रांतात १९९६ मध्ये असा कायदा लागू झाला. केंद्रीय संसदेने अवघ्या नऊ महिन्यांत तो निष्प्रभ केला. पुढे व्हिक्टोरिया राज्याने २०१९ पासून तशी सोय केली.

कॅनडाचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. तेथील २०१६ च्या कायद्यात मरण नजीकच्या टप्प्यात असण्याची अट होती. २०२१ मध्ये ती अट सर्वांसाठी राहिली नाही. दार किलकिले केले की ते हळूहळू रुंदावते, अशी भीती विरोधक बोलून दाखवतात. समर्थक म्हणतात, की ज्याचे दुःख असह्य आहे पण मरण दूर आहे, त्याच्यावर जुन्या अटीने अन्याय होत होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपल्याकडे जमिनीचे तुकडे, हॉस्पिटलचे बिल, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बायका आणि घरातील सत्तेची उतरंड यांचा विचार केला, तर पहिल्या भीतीला अधिक वजन द्यावे लागते, असे आमचे मत आहे.

देऊळघाटहून पाहताना

आता हा सारा कायदा बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावातून कसा दिसतो ते पाहू. इथल्या घरातील माणूस गंभीर झाला, की त्याला आधी बुलढाण्याला आणि मग अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवतात. काही दिवसांनी डॉक्टर सांगतात, आता आशा नाही. तोवर पैसेही संपत आलेले असतात. मग एका कागदावर सही होते: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध आम्ही रुग्णास घरी नेत आहोत. नळी काढतात. रुग्णवाहिका निघते. घरी पोहोचेपर्यंत किंवा पोहोचल्यावर काही तासांत माणूस जातो. गावाकडच्या भाषेत याला ‘घरी आणलं’ एवढेच म्हणतात.

शास्त्रीय दृष्टीने ही कृती तिसऱ्या कप्प्यातलीच आहे. उपचार थांबवला गेला आणि रोगाने आपले काम केले. फरक आहे तो बाकी सर्व गोष्टींत. यात दुसऱ्या तज्ज्ञाचे मत नाही, रुग्णाची इच्छा नोंदलेली नाही आणि शेवटच्या तासांत धाप व वेदना कमी करणारे औषध नाही. शिवाय सही नातेवाइकांची असल्याने ‘आपणच नेलं’ हा सल त्यांच्या मनात राहतो. कायद्याने घालून दिलेली दोन मंडळांची पद्धत नेमकी या उणिवांसाठी आहे. परंतु दहा खाटांच्या खासगी रुग्णालयाने एका रात्रीत सहा अनुभवी डॉक्टर कुठून आणायचे? शहरातील मोठ्या रुग्णालयासाठी आखलेली ही वाट तालुक्याच्या गावात पोहोचायची असेल, तर जिल्हा रुग्णालयाने असे मंडळ कायम तयार ठेवणे आवश्यक आहे.

दुसरी उणीव वेदनाशमनाची. भारतात अफूची कायदेशीर शेती होते आणि अफूपासून मॉर्फिन मिळते. तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची इतकी गुंतागुंत केली, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायदा सुधारला, पण सवयी लवकर बदलत नाहीत. सिसली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला आधुनिक शुश्रूषागृह सुरू केले. त्या धर्तीवरचे भारतातील पहिले शुश्रूषागृह, शांती अवेदना आश्रम, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे निघाले. म्हणजे ज्या वर्षी मुंबईचे उच्च न्यायालय मरू पाहणाऱ्याला शिक्षा नको म्हणत होते, त्याच वर्षी त्याच शहरात मरणाऱ्याच्या वेदना कमी करण्याची सोय सुरू झाली. दोन्ही गोष्टींचे नाते जवळचे आहे. मरण मागणारा रुग्ण पुष्कळदा वेदनेपासून सुटका मागत असतो. वेदना थांबवण्याची सोय न करता मरणाची परवानगी देणारा कायदा केला, तर ती निवड राहत नाही.

म्हणून आमच्या मते क्रम असा असावा. आधी मॉर्फिन आणि शुश्रूषा प्रत्येक तालुक्यात पोहोचावी. त्याच वेळी उपचार नाकारण्याचा जो हक्क न्यायालयाने दिला आहे, तो ग्रामपंचायतीपर्यंत वापरता येण्यासारखा व्हावा. साहाय्यित मरणाच्या कायद्याची चर्चा त्यानंतर करावी. ती टाळू नये, पण तिला पहिला क्रमांकही देऊ नये.

वर्गात काय करता येईल?

दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांबरोबर हा विषय घेताना ‘दयामरण असावे की नसावे’ अशी वादविवाद स्पर्धा घेऊ नये, असे आम्ही सुचवू. त्यापेक्षा चार कप्पे फळ्यावर काढावेत आणि क्विन्लन, विनोबा, मुंबईचा तो शिपाई, अरुणा शानबाग आणि घरी आणलेला रुग्ण यांना विद्यार्थ्यांनीच योग्य कप्प्यात बसवावे. अरुणा शानबाग नेमक्या कुठे बसतात यावर वाद होईल, तो होऊ द्यावा. आत्महत्येविषयी बोलताना मात्र शिक्षकाने सावध राहावे. वर्गात एखादे मूल त्या विचारांतून जात असू शकते. अशा वेळी ‘हा मदत मागण्याचा विषय आहे, लाजेचा नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि त्या मुलाला तास संपल्यावर एकटे सोडू नये.

मोठ्यांसाठीही एक काम आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी, ते हिंडते-फिरते असताना, एकदा बसून बोलावे: उद्या यंत्रावर ठेवायची वेळ आली तर तुम्हाला काय हवे? हा प्रश्न अभद्र वाटतो, म्हणून तो कोणी विचारत नाही. मग रुग्णालयाच्या जिन्यात उभे राहून, तीन भावंडांनी पाच मिनिटांत त्याचे उत्तर ठरवावे लागते. कायद्याने आता ते उत्तर लिहून ठेवण्याची सोय केली आहे. एक कागद, दोन साक्षीदार आणि एक नोटरी एवढेच त्याला लागते.